मुंबईचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडतात, तर माहीमची खाडी इतकी काळी का? नवी केंद्रं झाली की ती सुधारेल का?

खाडीत जे वाहत येतं त्यातलं बहुतेक कुठल्याही प्रक्रिया केंद्राचं तोंड न बघता आलेलं असतं. उत्तराचा अर्धा भाग इथेच संपला.

पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी काही वर्षं काढली. पाण्यातला ऑक्सिजन बघायला ३०० मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं, बूच लावून उलटीसुलटी करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका येतो, नसेल तर पांढरा. एप्रिलमध्ये ओहोटीच्या वेळी खाडीचा नमुना घेतला तर साका दुधासारखा पांढरा. सोबतच्या पोराला वाटलं रसायन जुनं झालं असेल. त्याने नवी बाटली फोडली. पुन्हा पांढराच. धड समुद्राच्या पाण्यात आपल्याकडच्या तापमानाला लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असायला हवा.

काळेपणा तिथूनच सुरू होतो. मैला खाणारे जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात. मग दुसरे जिवाणू पुढे येतात. त्यांना सल्फेट चालतं, आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेटला तोटा नाही. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, म्हणजे तो कुजक्या अंड्याचा वास. गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की काळं आयर्न सल्फाइड. गोड्या पाण्याच्या नाल्यापेक्षा खाडी जास्त घाण मारते ती याचमुळे. याच वायूने चांदी काळी पडते; चांदीचे दागिने घालून काठावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता माहीमच्या खाडीला येऊन मिळणाऱ्या मिठी नदीचं. विहार आणि पवई तलाव ओसंडले की नदीला पाणी, म्हणजे पावसाळ्यात. मग उन्हाळ्यातही ती वाहते ती कशाने? मलवाहिनी न पोचलेल्या वस्त्यांचं आणि गाळ्यांचं पाणी पर्जन्यजलाच्या नाल्यात उतरतं, आणि नाला थेट नदीत.

केंद्रांबद्दलही गैरसमज आहे. वरळी आणि वांद्र्याला वर्षानुवर्षं 'प्रक्रिया' म्हणजे जाळ्यांनी कचरा अडवणं आणि रेती बसवणं, एवढंच. मग समुद्रतळाखालच्या बोगद्यातून साधारण साडेतीन किलोमीटर आत नेऊन सोडायचं. पुढचं काम भरती-ओहोटीने करायचं. खुल्या समुद्रात ही युक्ती बऱ्यापैकी चालते, कारण पाणी पटकन पातळ होतं. मालाडचं मात्र तेवढ्याच गाळणीनंतर खाडीत जायचं, आणि अरुंद खाडीला ते झेपणं शक्यच नव्हतं.

जानेवारी २०२३ मध्ये सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन झालं: वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. ही खरी जैविक प्रक्रिया असेल, म्हणजे जिवाणूंना हवा फुंकून मैला आतच खाऊ घालायचा, समुद्रात नाही. किनाऱ्याला याचा फायदा होईल यात मला शंका नाही. माहीमच्या खाडीबाबत मी तितका आशावादी नाही. केंद्र कितीही चांगलं असलं तरी त्याच्यापर्यंत न पोचलेला मैला ते साफ करू शकत नाही.

त्यामुळे केंद्राच्या उद्घाटनापेक्षा नाल्यांच्या तोंडांवर लक्ष ठेवा. पाऊस पडून महिना उलटला तरी ज्या नाल्याला सकाळी सात ते नऊ भरपूर पाणी येतं, ते पाणी कुठून येतं हे ओळखायला बाटलीही लागत नाही.