सात वर्षं उभी असलेली वडिलांची चेतक स्कूटर दहा हजारांत चालू होईल का?

होईल. फक्त त्या दहा हजारांत रंग धरू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९८ ची, सात वर्षं शेडखाली उभी, किक जाते पण सुरू होत नाही, आणि गराजवाल्याने न उघडताच 'पूर्ण इंजिन काम, पंचवीस हजार' सांगून टाकलं. किक जातेय ना? मग इंजिन जाम नाही. पंचवीस हजारांचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

माझ्याकडेही वडिलांचीच चेतक आहे, १९९४ ची. पाच-सहा वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडली होती. मी शहाण्याने सगळ्यात आधी रंग दिला. साडेचार हजार मोजले. गाडी अशी चमकायला लागली की शेजारी थांबून बघायचे. मग एकदा सीटवर बसून ब्रेक जोरात दाबला, तर पेडलखालचा पत्रा पापडासारखा मोडला. वरून रबरी मॅट, आणि मॅटखाली पावसाचं पाणी मुरून सगळं कुजलेलं. वेल्डिंगवाल्याने पट्टी मारली तेव्हा आजूबाजूचा नवाकोरा रंग फोड येऊन सोलला. आई म्हणाली, "छान झालं."

म्हणून पहिल्या दिवशी एक पैसाही खर्च करू नका. मॅट काढा आणि पायाखालच्या पत्र्यावर, स्टँडच्या जोडाशी पेचकस दाबून बघा. आत घुसला तर वेल्डिंग आधी. चॅसी नंबर गंजात नीट वाचता येतो का तेही तेव्हाच बघा, कारण पुढचा मुद्दा आरटीओचा.

१९९८ च्या गाडीची पंधरा वर्षं २०१३ ला भरली. त्यानंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आणि सात वर्षं उभ्या गाडीचं ते राहिलेलंच असणार. दुचाकीची ही फी एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये २,००० केली. वर पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा, पीयूसी. हा आकडा आरटीओत आधी विचारून घ्या. उरेल ते दुरुस्तीचं बजेट.

आता इंजिन. उठून लगेच किक मारत सुटू नका. स्पार्क प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी किक हाताने हळू दाबा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून कुणाला तरी किक मारायला सांगा. अंगठा फेकला गेला तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनचा दाब, आहे, बोअर-पिस्टनचे पैसे वाचले. उजवीकडचं पॅनेल काढून फॅनचं कव्हरही उघडा. माझ्या गाडीत तिथे उंदराने कापूस, सुतळी आणि चक्क लग्नपत्रिकेचे तुकडे भरले होते. ही हवेने थंड होणारी इंजिनं. तिथे कोंडलं की गाडी सुरू होईल आणि दोन किलोमीटरवर तापून जाम होईल.

टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून द्या. वॉर्निशसारखा वास येईल. टाकी खाली उतरवून आत मूठभर जुने नट आणि अर्धा लिटर रॉकेल किंवा डिझेल घाला आणि घुसळा. निघणारं रॉकेल किंवा डिझेल स्वच्छ दिसायला लागलं की थांबा, नट मोजून बाहेर काढा. (मी मोजले नव्हते. एक अजून आत आहे, वळणावर वाजतो.) पेट्रोलची नळी आणि कॉकचं रबर नवंच घ्या, हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं. कार्बोरेटरचा जेट तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. पंक्चरवाल्याकडे नेऊन जेटमध्ये हवा मारून घ्या. मग नवा प्लग आणि लिटरला २० मिली ऑइल घातलेलं ताजं पेट्रोल. पंपावर ऑइल मिसळून मिळेलच असं नाही, बाटली डिकीत ठेवा.

इतक्यावर माझी गाडी अकराव्या किकला लागली. तोपर्यंतचा खर्च बाराशे रुपयांच्या आतबाहेर.

खरे पैसे टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर आणि केबल्समध्ये जातात, जाऊ द्या. नक्षी शाबूत असली तरी सात वर्षांत रबर तडकलेलं असतं. एक धोका मात्र लक्षात ठेवा: चेतकचं रिम दोन भागांचं, नटांनी जोडलेलं असतं. हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते नट ढिले केले तर रिमचा भाग तोंडावर येतो. नव्या पोराला चाक देणार असाल तर स्वतः बाजूला उभं राहून लक्ष ठेवा.

पार्टसाठी पुण्यात येणं जमत असेल तर नाना पेठेत फिरा, आणि बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात. पॅनेल, हेडलाइटची रिंग, लॉक जुनं चालतं. लायनर, केबल आणि ऑइल सील जुनं घेऊ नका. दुकानात 'टू-स्ट्रोक चेतक' असं स्पष्ट सांगा, नाहीतर पोरगं विजेवरच्या चेतकचं काहीतरी काढून दाखवतं.

माझा एकूण खर्च कागदपत्रं धरून अकरा हजारांवर गेला, त्यातले साडेचार त्या रंगाचे. ब्रेकखालच्या पट्टीला अजून नुसता प्रायमरच आहे.