वाहक विषाणूंच्या अभ्यासाला लागण्यापूर्वी

जळगावात एम.एस्सी. करताना तुम्ही लसींच्या वाहक विषाणूंकडे (लसीचे जनुक पेशीत पोहोचवणाऱ्या विषाणूंकडे) वळत आहात, म्हणून आधीच सांगतो: विषाणू पेशीत कोणत्या वाटेने शिरतो आणि त्याचे जनुकद्रव्य कोठे उघडे पडते, हे कागदावर रेखाटल्याशिवाय संवेदकांची (विषाणूची चाहूल घेणाऱ्या पेशीतील प्रथिनांची) नावे पाठ करू नका. कोव्हिशिल्डमध्ये चिंपांझीचा अ‍ॅडेनोव्हायरस आहे. या कुळातील विषाणूचा दुपदरी डीएनए एंडोसोममध्ये (बाहेरचे द्रव्य आत घेताना पेशीत बनणाऱ्या पिशवीत) उघडा पडला तर टीएलआर-९ हा संवेदक आणि पेशीद्रवात सांडला तर सीजीएएस हा दुसरा संवेदक त्याची चाहूल घेतो, सीजीएएस मग सीजीएएमपी हा छोटा रेणू तयार करतो, तो स्टिंग या प्रथिनाला चेतवतो आणि त्यातून इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी इशारा देणारे प्रथिन स्रवू लागते. गोवराच्या विषाणूवर बेतलेल्या वाहकात आरएनए असल्याने तेथे आरआयजी-आय हा आरएनए ओळखणारा संवेदक पुढे येतो.

इंटरफेरॉन जितके अधिक तितकी लस चांगली, हा समज (माझाही होता) सोडून द्या. त्याने डेंड्रायटिक पेशी (प्रतिजन इतर रोगप्रतिकारक पेशींना दाखवणाऱ्या पेशी) परिपक्व होतात हे खरे, पण अतिरेक झाल्यास वाहकातील जनुकापासून प्रतिजन (ज्याविरुद्ध प्रतिकारशक्ती हवी ते प्रथिन) बनणेच मंदावते. रावेर-यावलकडच्या विद्यार्थ्यांना केळीवरचा सीएमव्ही (काकडी मोझॅक विषाणू) परिचित असतो, परंतु ती तुलना येथे लावू नका, कारण वनस्पतींकडे इंटरफेरॉन नसते.

प्रयोगात प्रतिजनाचे जनुक नसलेला रिकामा वाहक नियंत्रण म्हणून ठेवाच, आणि प्रत्येक नमुन्यात एंडोटॉक्सिन (जीवाणूंच्या आवरणातील विषारी घटक) तपासा. ते उरले तर टीएलआर-४ हा त्याचा संवेदक चेतवला जातो आणि त्याचे श्रेय तुम्ही विषाणूला देऊन बसता.