रोबोटिक प्रोस्टेट ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले, वडिलांचा डावा पाय सुजलाय आणि पोटरी दुखतीय, पुण्याला फॉलोअपला जाईपर्यंत थांबू का?

थांबू नका, आजच सांगली नाहीतर मिरजेत दाखवा आणि पायाचा कलर डॉपलर (शिरेतलं रक्त नीट वाहतंय का ते बघायची सोनोग्राफी) करून घ्या. मी मिरजेत सर्जरी वॉर्डला नर्स आहे, एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं म्हटलं की आधी शिरेत रक्ताची गुठळी झालीय का तेच बघतात, कारण कॅन्सर, ओटीपोटातलं ऑपरेशन आणि नंतर पडून राहणं या तिन्हीमुळं गुठळीचा धोका वाढतो, आणि तो घरी आल्यावरही काही आठवडे राहतो. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं, त्यामुळं दम लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर सरळ १०८ ला फोन करा. आणि कृपा करून पोटरीला तेल लावून चोळू नका, घरोघरी हेच करतात. रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं होतं का, चालू आहे का, हे डिस्चार्ज कार्डवर बघा आणि कार्ड सोबत न्या.

पण प्रत्येक सूज गुठळीचीच असते असं नाही. ऑपरेशनमध्ये लिम्फ नोड (ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी) काढले असतील तर तिथं पाणी साठून शिर दाबली जाते, म्हणून पोटाची सोनोग्राफीपण सोबत करा. सूज नसून नुसती मांडी बधिर असेल किंवा पाऊल उचलत नसेल तर ते बहुतेक नर्व्ह (मज्जातंतू) दुखावल्याचं असतं, ते फिजिओथेरपीनं हळूहळू बरंच सुधारतं, तरी सर्जनला फोनवर कळवाच.