क्रुस्कल-वॉलिस आणि छोटे गट

तीन गटांत दोन-दोनच निरीक्षणं असतील तर क्रुस्कल-वॉलिस (मूल्यांना लहान-मोठे क्रमांक देऊन गटांत फरक आहे का ते बघणारी चाचणी) लावायच्या भानगडीत पडू नकोस. सहा क्रमांक तीन गटांत वाटायचे एकूण 90 प्रकार. गट अगदी स्वच्छ वेगळे पडले, तरी तसे प्रकार 6, म्हणजे पी-व्हॅल्यू (गटांत खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) 6/90, म्हणजे 0.067. पाच टक्क्यांच्या पातळीवर (पी-व्हॅल्यू 0.05 च्या आत) फरक सिद्ध होणं शक्यच नाही, डेटा कसाही असो.

तीन-तीन घेतलेस तर प्रकार 1680 होतात. गट पूर्ण वेगळे असतील तर एच (या चाचणीत गटांमधला फरक मोजणारा आकडा) 7.2 येतो आणि नेमकी पी-व्हॅल्यू 0.0036. सॉफ्टवेअर मात्र बहुधा काय-स्क्वेअर या अंदाजी वितरणावरून 0.027 छापतं. दोन्ही 0.05 च्या आत आहेत म्हणून इथे निभावलं. पातळी एक टक्का असती तर निकालच फिरला असता.

काय-स्क्वेअरचा अंदाज वापरायचा तर ‘प्रत्येक गटात किमान पाच’ हा नियम सगळे सांगतात. ढोबळ आहे, पण टाकाऊ नाही. गट लहान असतील तर सॉफ्टवेअरमध्ये सरळ एक्झॅक्ट पर्याय (सगळे प्रकार मोजून नेमकी पी-व्हॅल्यू देणारा) निवड. तो फार वेळ खात असेल तर दहा हजार वेळा गटांची लेबलं उलटसुलट करून अंदाज काढ, पुरतो.

समान मूल्यं खूप असतील (रेटिंगच्या डेटात असतातच) तर टाय करेक्शन (समान मूल्यांसाठी एचमध्ये करायची दुरुस्ती) लागलंय ना ते बघ. एचचे छापील तक्ते तिथे चालत नाहीत.