वाचकांचे प्रश्न: विशेष मुलांच्या वर्गात जंतुनाशक दिवे

प्रश्न: माझी नऊ वर्षांची मुलगी मुंबईतील एका विशेष शाळेत जाते. तिला डाऊन सिंड्रोम आहे आणि लहानपणी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली आहे. पावसाळा लागला की सर्दी-खोकला तिची पाठ सोडत नाही. गेल्या वर्षी तर वर्गातल्या बहुतेक मुलांना एकामागून एक हँड-फूट-माउथ (हात, पाय आणि तोंडात फोड येणारा विषाणूचा आजार) झाला. आता एका देणगीदाराने प्रत्येक वर्गात जंतुनाशक दिवे बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. पालकसभेत विक्रेत्याने ‘९९.९ टक्के जंतू मरतात’ असे सांगितले. आम्ही होकार द्यावा का?
– एक आई, मुलुंड

उत्तर: होकार देण्यापूर्वी विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी मागवावी: दिव्याची तरंगलांबी (किरणांच्या लाटेची लांबी) किती नॅनोमीटर, म्हणजे मीटरचे किती अब्जांश, आहे? ‘जंतुनाशक दिवा’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या जातींचे दिवे विकले जातात. त्यांचे गुण वेगळे आहेत आणि धोकेही वेगळे आहेत.

सर्वांत जुना आणि स्वस्त दिवा पाऱ्याच्या वाफेचा. त्यातून २५४ नॅनोमीटरची अतिनील-सी किरणे निघतात आणि ती जंतूंच्या जनुकीय द्रव्यात अशी मोडतोड करतात की त्यांची पुढची वाढच खुंटते. ही गोष्ट खोटी नाही. अमेरिकेत विल्यम वेल्स या संशोधकाने १९३७ पासून फिलाडेल्फिया परिसरातील शाळांच्या वर्गांत असे दिवे उंचावर बसवले आणि १९४१ च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांतला प्रसार इतर वर्गांच्या मानाने बराच कमी दिसला. पुढे न्यूयॉर्क राज्यातील ग्रामीण शाळांत हाच प्रयोग झाला, तेव्हा मात्र तितके यश आले नाही. तिथली मुले शाळेच्या बसमधून एकत्र प्रवास करत आणि वर्गात टळलेला संसर्ग त्यांना बसमध्ये गाठत असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. आपल्या मुलीची व्हॅन काचा लावून, एसी चालू ठेवून मुलुंडहून किती वेळ धावते, याचा हिशेब म्हणूनच दिव्यांच्या आधी करावा.

वेल्स यांचे दिवे हवेसाठी होते, हे येथे ध्यानात घ्यावे. गोवर हवेतून पसरतो. हँड-फूट-माउथचा विषाणू मुख्यतः लाळ, शेंबूड, फोडांतले पाणी आणि विष्ठा यांतून, म्हणजे हातांवरून, खेळण्यांवरून आणि लंगोट बदलण्याच्या टेबलावरून फिरतो. ज्या वर्गात तीन-चार मुलांची लाळ सतत गळते आणि एकाच्या तोंडातला रबरी ठोकळा दोन मिनिटांत दुसऱ्याच्या तोंडात जातो, तिथे छताजवळची हवा कितीही शुद्ध केली तरी तो ठोकळा तसाच राहतो. ९९.९ टक्के हा आकडा बहुधा प्रयोगशाळेतला असतो: स्वच्छ पृष्ठभाग, ठरावीक अंतर, ठरावीक वेळ. खेळण्याच्या खाचेत, सावलीत किंवा वाळलेल्या लाळेच्या थराखाली किरण पोहोचत नाहीत.

आता धोक्याविषयी, कारण विशेष शाळेत तो साधारण शाळेहून निराळा असतो. २५४ नॅनोमीटरची किरणे थेट डोळ्यांवर पडली, तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला सूज येते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. ही लक्षणे लगेच नव्हे, तर साधारणपणे सहा ते बारा तासांनी उमटतात. म्हणजे दुपारी वर्गात जे घडले त्याचा त्रास रात्री घरी सुरू होणार. बोलणारे मूल ‘डोळे दुखतात’ असे सांगेल. पण ज्या मुलाला वाचा नाही, ते रडेल, डोके आपटेल, डोळे चोळेल आणि घरातली माणसे ‘आज फारच हट्ट करतोय’ म्हणून मोकळी होतील. डोळे आले असतील म्हणून थेंब घातले जातील. दिव्याचा संशय कोणाला येणारही नाही.

दुसरे असे की, उंचावर बसवलेल्या दिव्यांची सुरक्षितता मोजताना मोठे माणूस उभे आहे किंवा बसले आहे आणि समोर पाहते आहे, असे सहसा धरलेले असते. भुवईचा आणि पापणीचा आडोसा त्यात गृहीतच असतो. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल मात्र चटईवर उताणे पडून तासन्‌तास छताकडे पाहत असते आणि काही स्वमग्न मुलांना तर दिव्याकडे टक लावून पाहण्याचीच ओढ असते. म्हणून मोजणी मुलाच्या जागी, चटईच्या पातळीवर, मापक वर छताकडे रोखून झाली पाहिजे. आठ तासांच्या वावरासाठी २५४ नॅनोमीटरची सर्वमान्य मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल आहे. म्हणजे सतत पडणारी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२ मायक्रोवॉटच्या आत हवी. बसवणारा माणूस मापक न आणता नुसती शिडी आणि ड्रिल घेऊन आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

दुसरी जात ४०५ नॅनोमीटरच्या जांभळट प्रकाशाची. हा डोळ्यांना दिसणारा प्रकाश असल्याने माणसांच्या वावरातही तो चालू ठेवता येतो. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील संशोधकांनी तो तिथल्या रुग्णालयात वापरून पाहिला असून पृष्ठभागांवरचे जीवाणू त्याने घटले. पण हे काम तासांच्या हिशेबाने, सावकाश चालते; शिवाय तो जीवाणूंच्या पेशीतल्या रंगद्रव्यांमार्फत मारा करतो आणि विषाणूंत तशी द्रव्ये नसल्याने सर्दी किंवा हँड-फूट-माउथवर त्याचा भरवसा धरता येत नाही. तिसरी जात २२२ नॅनोमीटरची. ही किरणे त्वचेच्या वरच्या मृत थरातच बहुतांशी अडतात, म्हणून तिच्याविषयी आशा आहे. परंतु तिच्यामुळे थोडा ओझोन तयार होतो. बंद एसी खोलीत तो साचू शकतो आणि दम्याच्या मुलांना बाधू शकतो. लहान मुलांवरची दीर्घकालीन निरीक्षणेही अजून थोडीच आहेत.

माझे मत विचाराल, तर सरसकट प्रत्येक वर्गात दिवे नकोत. छत पुरेसे उंच असेल, पंखा हवा वर-खाली घुसळत असेल आणि वर सांगितलेली मोजणी लेखी मिळत असेल, तर एखाद्या कोंदट खोलीत आडोशाचा, फक्त छताच्या बाजूला किरण सोडणारा दिवा विचारात घेता येईल. ज्या खोलीत पोटमाळा बांधल्यामुळे छत खाली आले आहे, तिथे तो विषय काढूच नये. आपल्याकडच्या एसी वर्गांत बहुधा स्प्लिट एसी असतो आणि तो बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवत राहतो, हे पालकांना सहसा कोणी सांगत नाही. समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवणे, एक्झॉस्ट पंखा बसवणे, रस्त्याची धूळ फार असेल तर अतिबारीक कण अडवणाऱ्या हेपा गाळणीचा हवाशुद्धक ठेवणे, यांत डोळ्यांना कसलाही धोका नाही. आणि देणगीदाराचे मन वळवता आले, तर त्या रकमेतून खेळण्यांचा दुसरा संच घ्यावा आणि आणखी एका मदतनीस मावशींचा पगार द्यावा. पगारावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, ही अडचण मला ठाऊक आहे.

प्रश्न: आमच्या शाळेत चाकांच्या स्टँडवरची अशी एक अतिनील किरणांची ट्यूब आधीपासूनच आहे. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात ती अर्धा तास लावतो. त्यानंतर चटया आणि खेळणी पुसण्याची आवश्यकता उरते का?
– विशेष शिक्षिका, दादर

उत्तर: उरते, आणि पुसणे ट्यूबच्या आधी व्हायला हवे. साबणाच्या पाण्याने लाळ आणि मळ निघाल्यावर ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे २० मिलिलिटर एक लिटर पाण्यात मिसळून त्याने पुसावे, काही मिनिटे ओले राहू द्यावे आणि तोंडात जाणारी खेळणी नंतर साध्या पाण्याने धुवावीत. हे द्रावण रोज ताजे करावे आणि संडास धुण्याच्या ॲसिडजवळ चुकूनही नेऊ नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

ट्यूब वापरायचीच असेल, तर दार उघडताच ती आपोआप बंद होईल अशी सोय करून घ्यावी, कारण विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला मूल किंवा केर काढायला मावशी आत येणारच. साध्या काचेतून ही किरणे पार होत नाहीत, पण उघड्या खिडकीतून किंवा जाळीतून होतात. थेरपीच्या चटयांचा फोम, वेल्क्रो आणि चित्रकार्डे यांच्यावर वारंवार किरण पडले की ती ठिसूळ आणि फिकट होतात. ट्यूबचे आयुष्य साधारण ९००० तासांचे असते. निळा उजेड दिसतो म्हणजे ती काम करते, असे समजू नये, कारण दिसणारा निळा उजेड आणि जंतू मारणारे किरण एक नव्हेत. ट्यूब फुटल्यास झाडू मारू नये. मुलांना बाहेर काढून, पंखा बंद करून, खिडक्या उघडाव्यात; तुकडे जाड पुठ्ठ्याने आणि ओल्या कागदाने गोळा करून बंद डब्यात ठेवावेत, त्यात पारा असतो.

प्रश्न: माझा स्वमग्न नातू हात धुऊ देत नाही. त्याच्या हातांवर फिरवण्यासाठी मिळणारी अतिनील किरणांची दांडी घेऊ का?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर: घेऊ नये. हात किंवा त्वचा निर्जंतुक करण्यासाठी अतिनील दिवा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या काळातच सांगितलेले आहे आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये अशा काही दांड्यांबद्दल इशारा दिला होता. सॅनिटायझरही हँड-फूट-माउथच्या विषाणूवर पुरेसा चालत नाही. त्यामुळे साबण आणि पाणी यांना पर्याय नाही. अशा मुलांना बहुधा धुण्याचा नव्हे, तर नळाच्या आवाजाचा, गार पाण्याचा किंवा साबणाच्या उग्र वासाचा त्रास होतो. कोमट पाणी आधीच मगात भरून ठेवून, बिनवासाचा साबण वापरून, आपले हात त्याच्या हातांबरोबर धुऊन पाहावे. तेही जमले नाही, तर साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने बोटांच्या बेचक्यांसह हात पुसावेत आणि दुसऱ्या ओल्या फडक्याने साबण काढावा.