शटल बंद झाल्यावर अमेरिकेला माणूस अवकाशात पाठवायला 9 वर्षं का लागली, आणि ते शेवटी खासगी कंपनीलाच कसं जमलं?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "म्हणजे सरकारला जमत नाही ते खासगीला जमतं, असंच ना? मग इस्रोनेही तेच करावं का?"

नाही, असंच नाही. नासाला जमेना म्हणून इलॉन मस्कने करून दाखवलं, ही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी गोष्ट आहे. मी चाकणला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे, रॉकेटशी संबंध फक्त वाचनापुरता. पण या प्रकरणातली खरी गंमत इंजिनात कमी आणि कंत्राटात जास्त आहे, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

आधी ती 9 वर्षं. शटल म्हणजे माणसं नेऊन आणणारं, पुन्हा पुन्हा वापरायचं नासाचं यान. 1 फेब्रुवारी 2003 ला त्यातलं कोलंबिया परतताना फुटलं, कल्पना चावलासह सातही जण गेले. 1986 च्या चॅलेंजरचे सात धरले तर शटलने 14 जीव घेतले होते. शिवाय सगळा खर्च वाटून पाहिला तर एकेक उड्डाण सरासरी दीड अब्ज डॉलरच्या घरात जात होतं. 2004 मध्ये बुश यांनी शटल निवृत्त करायचं ठरवलं. त्याच्या जागी जे रॉकेट यायचं होतं ते वेळेतही मागे पडलं आणि पैशातही, म्हणून 2010 मध्ये ओबामा सरकारने तो कार्यक्रमच गुंडाळायला घेतला. 8 जुलै 2011 ला अटलांटिस हे शेवटचं शटल उडालं. जुनं घर पाडलं, नव्याचा पाया अजून खणायचाच होता.

मग काय, कझाकस्तानातल्या बैकानूरला जायचं आणि रशियाच्या सोयूझमध्ये जागा विकत घ्यायची. आमच्या धंद्यात याला सिंगल व्हेंडर म्हणतात, म्हणजे एकच पुरवठादार, आणि त्याचं जे होतं तेच झालं. एका जागेचा दर सुरुवातीला दोन कोटी डॉलरच्या आसपास होता, शेवटच्या जागेपर्यंत तो नऊ कोटींवर गेला. आणि याच काळात अमेरिकी काँग्रेस खासगी कंपन्यांच्या नव्या यानांचे पैसे कापत होती! 2012 च्या अर्थसंकल्पात नासाने 85 कोटी डॉलर मागितले, मिळाले जेमतेम 40 कोटी. म्हणजे विलंबातला बराचसा वाटा त्यांच्याच लोकप्रतिनिधींचा होता. पुढे 11 ऑक्टोबर 2018 ला अलेक्सेय ओवचिनिन आणि अमेरिकेचे निक हेग यांचं सोयूझ उड्डाणानंतर दोनेक मिनिटांत बिघडलं. कुपी, म्हणजे माणसं बसतात तो भाग, सुटून सुखरूप खाली आली. पण त्या दिवशी अवकाश स्थानकापर्यंत माणूस नेणारं दुसरं एकही यान जगात चालू नव्हतं. हेग यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता कंत्राट. अपोलो असो की शटल, तेव्हाही यान खासगी कंपन्याच बनवत होत्या. फक्त पद्धत होती 'झालेला खर्च अधिक ठरलेला नफा' अशी. काम रेंगाळलं तर ठेकेदाराचं नुकसान नाही. आपल्याकडे धरणाच्या कामात सुप्रमावर सुप्रमा निघते ना, सुधारित प्रशासकीय मान्यता, तोच प्रकार. नव्या पद्धतीत नासाने सांगितलं: यान तुमचं, मालकी तुमची, आम्ही फेरी विकत घेऊ. रक्कम आधी ठरेल, टप्पा पुरा झाला की त्याचे पैसे, आणि वर लागले तर तुमच्या खिशातून.

हे एकदम माणसांवर करून पाहिलं नाही, हा मला त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो. 2006 मध्ये आधी सामान पोचवायच्या यानांसाठी दोन कंपन्या निवडल्या, एक मस्कची स्पेसएक्स. दुसरी रॉकेटप्लेन किस्टलर खासगी भांडवल उभं करू शकली नाही, तर नासाने 2007 मध्ये करार मोडला आणि 2008 मध्ये ऑर्बिटल सायन्सेसला आत घेतलं. स्पेसएक्सची स्थिती तेव्हा फार बरी होती असं नाही. त्यांचं छोटं रॉकेट फाल्कन 1 तीनदा पडलं, चौथं 28 सप्टेंबर 2008 ला कक्षेत पोचलं. त्याच डिसेंबरात नासाने त्यांना सामानाच्या 12 फेऱ्यांसाठी 1.6 अब्ज डॉलरचं काम दिलं. त्याआधीच्या करारातून यान विकसित करायला जे पैसे मिळाले ते सगळे मिळून 39.6 कोटी डॉलर. सरकारी पैसा आणि सरकारी गिऱ्हाईक नसतं तर ही कंपनी आज कुठे असती, हे 'सरकार नको' म्हणणाऱ्यांनी स्वतःला विचारून बघावं.

सप्टेंबर 2014 मध्ये माणसांचं कंत्राट निघालं: बोइंगला 4.2 अब्ज, स्पेसएक्सला 2.6 अब्ज. काम तेच! सगळं एकट्या अनुभवी बोइंगला द्यावं असंही बोललं जात होतं.

आणि नासा पैसे देऊन बाजूला बसली नाही. उदाहरण सांगतो. स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटमध्ये अतिथंड केलेला ऑक्सिजन भरतात, तो गरम होऊ नये म्हणून अगदी शेवटच्या 35 मिनिटांत. म्हणजे अंतराळवीर आत बसलेले आणि टाकी भरणं चालू. शटलच्या वेळी उलटं होतं, आधी इंधन, मग माणसं. नासाच्याच सल्लागारांनी, त्यात अपोलोचे अंतराळवीर टॉम स्टॅफर्ड होते, यावर हरकत घेतली. बरीच वर्षं वाद चालला. अखेर परवानगी मिळाली ती या अटीवर, की इंधन भरायला सुरुवात होण्याआधी कुपी निसटून नेणारी यंत्रणा सज्ज झालेली असली पाहिजे.

त्या निसटायच्या यंत्रणेनेच एप्रिल 2019 मध्ये घात केला. महिनाभर आधी स्थानकाला रिकामी जाऊन आलेली स्पेसएक्सची ड्रॅगन कुपी जमिनीवरच्या चाचणीत फुटली. एका झडपेतून थोडं नायट्रोजन टेट्रॉक्साइड (इंधन जळायला लागणारं रसायन) नको त्या नळीत गळलं होतं. इंजिन पेटवायच्या आत, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं आधी, हेलियमच्या दाबाने ते जोरात मागे ढकललं गेलं, टायटॅनियमच्या भागावर आदळलं आणि भडका उडाला. त्या झडपेच्या जागी एकदाच फुटून उघडणारी चकती बसवली, आणि जानेवारी 2020 मध्ये उडत्या रॉकेटवरून कुपी सोडवून दाखवली. आत माणसं असती तर? म्हणून तर चाचण्या.

अमेरिकेत 30 मे 2020, आपल्याकडे मध्यरात्र उलटून 12:52. तीन दिवस आधीचा प्रयत्न विजांच्या भीतीने सुमारे 17 मिनिटं उरली असताना थांबवला होता. या वेळी डग हर्ली आणि बॉब बेनकन निघाले, अपोलो 11 च्याच 39ए तळावरून. हा तळ नासाने 2014 मध्येच स्पेसएक्सला भाडेपट्ट्याने दिला होता. हर्ली 2011 च्या शेवटच्या शटलमध्येही होते. तेव्हा त्यांच्या चमूने एक छोटा झेंडा स्थानकावर ठेवला होता, अमेरिकेच्या भूमीवरून माणसं घेऊन पुढचं जे यान येईल त्याने तो परत न्यायचा असं ठरलं होतं. तो न्यायला 9 वर्षांनी हर्लीच आले.

इथवर वाचून 'खासगी जिंदाबाद' वाटत असेल, तर बोइंगकडे बघा. तीही खासगीच, पैसेही जास्त. डिसेंबर 2019 च्या पहिल्या मानवरहित फेरीत त्यांच्या स्टारलायनर यानाचं घड्याळ 11 तासांनी चुकलं, स्थानक गाठताच आलं नाही. ठरीव किमतीच्या करारातही बोइंगने नासाकडून 28.7 कोटी डॉलर वाढीव पदरात पाडून घेतले होते. नासाच्या महानिरीक्षकांनी त्यावर ताशेरे ओढले. (वाढीव दर मागायची कला सगळीकडे सारखीच असते!) जून 2024 मध्ये बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स त्यातून गेले. हेलियम गळलं, थ्रस्टर (दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं) बंद पडले, आणि नासाने यान रिकामं परत आणलं. आठ-दहा दिवसांचा दौरा 286 दिवसांचा झाला. त्यांना आणायला गेलेल्या ड्रॅगनमध्ये दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या, आणि तिचे कमांडर होते तेच निक हेग.

म्हणून माझ्या मते 2014 चा खरा हुशार निर्णय खासगीकरणाचा नव्हता, दोघांना काम देण्याचा होता. जून 2025 मध्ये ट्रम्प यांच्याशी वाजल्यावर मस्कने रागाच्या भरात ड्रॅगन बंद करतो असं जाहीर केलं, काही तासांत मागेही घेतलं. दुसरा पुरवठादार अडखळलेला असताना असं एक ट्वीट किती महाग पडू शकतं, बघा. आपले शुभांशू शुक्ला त्याच ड्रॅगनमधून जायला तेव्हा तयार होऊन बसले होते.

ते 25 जून 2025 ला गेले, राकेश शर्मांनंतर 41 वर्षांनी. त्याआधी रॉकेटच्या खालच्या टप्प्यात, म्हणजे बूस्टरमध्ये, ऑक्सिजनची गळती सापडली होती, आणि इस्रोच्या चमूने ती पुरती दुरुस्त करायचा आग्रह धरला, असं अध्यक्ष नारायणन यांनी नंतर सांगितलं. नुसतं तिकीट काढून बसलो नाही, हे मला आवडलं.

आता इस्रोने काय करावं? माणसं पाठवायच्या आपल्या गगनयानात उद्योग आहेतच. त्याच्या एलव्हीएम3 रॉकेटचं विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतं, एस200 बूस्टरची कवचं वालचंदनगरला. पण ते इस्रोच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवतात, जोखीम सगळी इस्रोची. खर्चही सुमारे 10 हजार कोटींवरून 20,193 कोटींवर गेलाय (यात कामाची व्याप्तीही वाढली, हे मान्य). तरी इतक्यात फेऱ्या विकत घ्यायची पद्धत आणू नये असं मला वाटतं. नासाने ती आणली तेव्हा माणसं पाठवायचा चाळीसेक वर्षांचा अनुभव गाठीशी होता. काय मागायचं, कुठे हरकत घ्यायची, हे माहीत होतं. इस्रोने आधी स्वतः दोन-तीनदा माणसं वर नेऊन आणावीत, मग स्पेसिफिकेशन लिहायला बसावं. आणि तेव्हा निविदेत एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, एकटा निवडू नये, एवढं खरेदीवाल्याचं म्हणणं.