छतावरचा डाग पेंट करूनही परत का येतो?

प्रश्न : प्रतापनगरला जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाथरूमच्या छताला, पाइप खाली येतो त्या कोपऱ्यात पिवळा डाग पडलाय, पेंट केला तरी परत येऊन राहिला, पावसाळा नसतानाही. वरच्या काकू म्हणतात आमचा एकही नळ गळत नाही. काय करावं?

उत्तर : दादा, पेंटरला आधी थांबवा. अन् काकू खोटं बोलत नसतील, नळ खरंच कोरडे असू शकतात, कारण भानगड बहुतेक वेळा फरशीखाली असते. वरच्या बाथरूमचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो, त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे, कोबा अन् मग टाइल्स, म्हणजे तुमच्या डोक्यावर एक झाकलेला हौदच. टाइल्सचे सांधे उघडले की आंघोळीचं पाणी त्यात मुरतं अन् वाट मिळेल तिथून, बरेचदा पाइपच्या कडेनं, खाली उतरतं. म्हणून डाग जिथे, गळती तिथेच असं धरून चालू नका.

काकूंना गोडीत घेऊन एवढं करा. आधी त्यांच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह चालूच ठेवून आंघोळी दुसऱ्या बाथरूममध्ये होऊ द्या, दोन-तीन दिवस, मग तेवढेच दिवस व्हॉल्व्हही बंद ठेवा, अन् डागाच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. वापर बंद पण व्हॉल्व्ह चालू असतानाही ओल वाढत असेल तर भिंतीतला प्रेशरचा पाइप. व्हॉल्व्ह बंद केल्यावर थांबली तर तेच पक्कं. वापरल्यावरच वाढते? मग फरशी कोरडी ठेवून नळी थेट नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भोक) घाला अन् बादल्या ओता. काही झालं नाही तर नंतर ट्रॅप बोळ्याने बंद करून फरशीवर पाणी साचू द्या. पहिल्यात ओल आली तर ट्रॅप किंवा त्याचा जोड, दुसऱ्यात आली तर सांधे. प्रत्येक वेळी एक-दोन दिवस थांबा, कोब्यातून पाणी उशिरा उतरतं. डाग मार्चनंतरच वाढत असेल तर कूलरकडेही बघा, बाथरूममधून कूलर भरायची नळी टाकून विसरणारे आपल्याकडे कमी नाहीत.

सांधे असतील तर जुनं व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, हे स्वस्तातलं काम. ट्रॅप किंवा खालचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर वरून फोडावंच लागतं, अन् नव्या टाइल्स बसवायच्या आधी पाणी भरून निदान 24 तास ठेवायला लावा, मिस्त्री घाई करतात. खालून कोटिंग लावून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, पाणी दुसरीकडून फुटतं.

पोपड्यावर स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोका. पोकळ आवाज किंवा गंजाचे तांबूस ओघळ दिसले तर आतली सळई गंजत असू शकते, इंजिनीअरला दाखवा. ओलीजवळ दिवा किंवा एक्झॉस्ट असेल तर एमसीबी पाडून ठेवा. खर्चाचं म्हणाल तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे गच्ची अन् बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीकडे, बाथरूम-संडासची ज्याच्या घरातली त्याच्याकडे. पेंट सगळ्यात शेवटी, छत नीट वाळल्यावर, आधी ऑइल बेस प्रायमर, नाहीतर पिवळा डाग वर उमटतोच.

प्रश्न : मनीषनगरला टॉप फ्लोअरला राहते. डिसेंबर-जानेवारीत बाथरूमच्या छतावर काळे ठिपके येतात, गच्चीवर तर कुठेच पाणी नाही.

उत्तर : ताई, ही बहुतेक गिझरची वाफ. रात्री गच्ची गार पडते, सकाळी त्या थंड स्लॅबला वाफ लागून पाणी होतं अन् बुरशी धरते. खात्री करायची तर छत पुसून प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी थेंब खालच्या बाजूला असले तर वाफ, आतल्या बाजूला असले तर पाणी स्लॅबमधूनच येतंय, मग गच्ची नीट पाहावी लागेल. वाफ असेल तर आंघोळीनंतरही अर्धा तास एक्झॉस्ट चालू ठेवा अन् बुरशी ब्लीचच्या पाण्याने पुसा, खिडकी उघडी ठेवून. त्याच वेळी टाइल्सचं ॲसिड मात्र वापरू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.